आजीच्या अंगठीतला हिरा पिवळट आहे, मग त्याला किंमत नाही का?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर आजीची अंगठी त्यांच्याकडे आली आहे. आजीचं लग्न १९६४ सालचं आणि अंगठी त्याच वेळी घडवलेली. एका दुकानात दाखवली तेव्हा त्यांनी यंत्र लावून हिरा आहे असं सांगितलं, पण वर म्हणाले, ‘रंग पिवळट आहे, याला किंमत यायची नाही, सोन्याचे पैसे धरा आणि नवीन करून घ्या.’ मामा म्हणतात, हातोडी मारून बघ, खरा असेल तर फुटणार नाही. आणि ताईंची स्वतःची शंका अशी की, हिरा जगातली सगळ्यात कठीण वस्तू आहे आणि हाही हिराच आहे, तर एकाला लाखाचा भाव आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं कसं?

ताई, सगळ्यात आधी मामांना फोन करा आणि हातोडी ठेवून द्यायला सांगा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

माझं घर मूळचं विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडी भागातली आमची माणसं सोनं-चांदी गाळायला सगळ्या देशभर गेली, तसे माझे आजोबा आणि चुलतेही गेले. मी स्वतः तरुणपणी काही वर्षं मुशीसमोर, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यासमोर, बसलो, मग सुरतेत हिरा पारखायला शिकलो आणि आता बरीच वर्षं सांगलीत सराफी करतो. हे सांगण्याचं कारण असं की तुमच्या प्रश्नातली अडचण मला मुशीमुळे कळली. सोन्याला आपण दोनच गोष्टी विचारतो: वजन किती आणि चोख किती. मुशीत घातलं की दोन्हींची उत्तरं बाहेर येतात आणि त्या दिवसाचा भाव लावला की व्यवहार संपला. आपल्याकडे घरोघरी दागिन्याची समज ही अशी सोन्यावर तयार झालेली असते. तीच समज आपण हिऱ्याला लावायला जातो आणि तिथे फसतो. हिऱ्याला मूस नाही, आणि पेपरात छापून येणारा रोजचा एक भावही नाही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. हा हिरा आहे का? असला तर कसा आहे? आणि आज विकायला गेलं तर हातात किती येतील? कठीणपणाचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. रंगाचा संबंध दुसऱ्याशी, तोही थोडासाच. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं घेणाऱ्यावर अवलंबून असतं, आणि तुम्हाला सल्ला देणारा स्वतःच घेणारा होता हेही विसरू नका.

आधी कठीणपणा. ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी वाचतो तोच खरा हिरा, हे अभंगातून लहानपणापासून आपल्या कानावर पडलेलं आहे. माणसाच्या कसोटीबद्दल ते अगदी खरं आहे, पण अंगठीतल्या खड्याला लावायचं ते वचन नव्हे. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार एकदा माझ्याकडे कागदाची पुडी घेऊन आले. आईची सात खड्यांची कुडी. मधला मोठा खडा काढून त्यांनी खलबत्त्यात ठेवला होता आणि बत्त्याचा एकच घाव घातला होता. पुडीत चार तुकडे आणि थोडा भुगा. ते म्हणाले, ‘बघा, खोटा निघाला.’ मी भिंगाखाली धरले तर तुकड्यांच्या कडा सरळ चिरलेल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या. काच फुटते तेव्हा शिंपल्यासारखे गोलसर टवके निघतात, अशी सरळ चीर पडत नाही. तो हिरा अस्सल होता म्हणूनच तसा फुटला. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडण्याची ताकद. घाव सोसण्याची ताकद ही वेगळी गोष्ट. फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची पट्टी मांडली. कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढाच तिचा हिशोब. तीत गार म्हणजे क्वार्ट्झ ७ वर, पुष्कराज म्हणजे टोपाझ ८ वर, माणिक-नीलम ९ वर आणि हिरा १० वर. ९ आणि १० यांतलं अंतर दिसतं तेवढं लहान नाही, प्रत्यक्ष मोजलं तर हिरा माणकाच्या साधारण चौपट कठीण भरतो. पण हिऱ्यातले कार्बनचे अणू ज्या रीतीने रचलेले असतात त्यात चार दिशा अशा आहेत की तिथे बांधणी त्या मानाने सैल असते. त्या दिशेने नेमका घाव बसला की हिरा लाकडाच्या ढलपीसारखा चिरतो. जुने कारागीर याचाच उपयोग करत. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हा ३१०६ कॅरटचा कच्चा हिरा १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोलादी पात्यावर घाव घालूनच फोडला. एवढा मोठा दगड जर घावाने फुटतो, तर आजीच्या अंगठीतला काय टिकणार?

आणि तुमची शंका, की सगळ्यात कठीण तर सगळ्यात महाग का नाही. सगळे हिरे कठीणपणात १० वरच असतात, मग कठीणपणामुळे त्यांच्या किमतीत फरक पडेल कसा? घरी फरशी बसवायला माणूस येतो, त्याच्या कटरची चकती बघा. तिच्या कडेला हिऱ्याचीच पूड बसवलेली असते, कारखान्यात बनवलेल्या हिऱ्याची, आणि तिचा कठीणपणाही १० च. ती चकती हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांना मिळते. कठीणपणाचा फायदा दागिन्याला असा, की साठ वर्षं वापरूनही पैलूंच्या धारा तशाच राहतात. आपल्या धुळीत गारेचे कण असतात. काच त्यांनी घासली जाते, आणि अमेरिकन डायमंडच्या धाराही वर्षानुवर्षांच्या वापराने बोथट होतात. हिऱ्याच्या होत नाहीत. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली मी आधी धाराच बघतो.

आता हा हिरा आहे का, याबद्दल. दुकानातलं पेनासारखं यंत्र उष्णता किती भरकन वाहून जाते ते बघतं. हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो, म्हणून यंत्र वाजतं. पण मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यावरही ते वाजतं, आणि लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यावर तर वाजणारच, कारण तो हिराच असतो. त्यामुळे नुसत्या यंत्रावर मी विसंबत नाही. तुमच्या बाबतीत मात्र एक मोठा आधार आहे, तो म्हणजे अंगठीचं वय. अमेरिकन डायमंड बाजारात आला तो १९७६ च्या सुमारास, मॉयसनाइटचे दागिने १९९८ च्या सुमारास. प्रयोगशाळेत हिरा पहिल्यांदा १९५३-५४ च्या सुमारास बनला, पण तो यंत्रात वापरायचा. दागिन्यात बसवायचे लॅब हिरे दुकानांतून सर्रास मिळायला लागले ते गेल्या काही वर्षांत. म्हणजे १९६४ ची अंगठी असेल, मधल्या काळात खडा बदलला नसेल आणि यंत्र नीट लावलं असेल, तर हा खाणीतला नैसर्गिक हिरा असण्याची शक्यता खूप मोठी आहे. ‘खडा बदलला नसेल’ ही अट मी मुद्दाम घातली. कधी दुरुस्तीला दिली होती का, खडा पडून नवा बसवला होता का, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. जुनी पावती किंवा आजीच्या हातातली अंगठी दिसणारा फोटो मिळाला तर जपून ठेवा.

फुंकर मारून वाफ किती वेळ राहते, पेपरची अक्षरं खड्यातून दिसतात का, काचेवर ओरखडा निघतो का, या घरगुती परीक्षांच्या नादी लागू नका. काच मोसच्या पट्टीवर साडेपाचच्या आसपास येते. साधी गारसुद्धा तिच्यावर ओरखडा काढते.

गारेवरून एक आठवलं. आमच्याकडे वर्षातून दोन-तीन जण तरी विहिरीच्या खोदाईत सापडलेले चमकदार खडे घेऊन येतात. कोणी माण-खटावचे, कोणी जतचे. डोळ्यांत आशा असते, म्हणून मी नेहमी बसवून चहा देऊन सांगतो. आपला सगळा मुलूख काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा. त्याच्या पोकळ्यांत गार, झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट असे सुंदर स्फटिक तयार होतात, हिरा होत नाही. हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो आणि वेगळ्याच प्रकारच्या ज्वालामुखीच्या नळीतून वर येतो. गंमत बघा, महाबळेश्वरला उगम पावणारी आणि सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहणारी आपली हीच कृष्णा पुढे आंध्रात जाते, आणि तिथे तिच्या काठी कोल्लूरच्या खाणी होत्या. जगप्रसिद्ध निळा होप हिरा तिथलाच समजतात. नदी तीच, खडक मात्र वेगळा.

आता रंग. तुमच्या मनाला लागलेला मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिरा म्हणजे कार्बन. तयार होताना कार्बनच्या जागी कुठेकुठे नायट्रोजनचा अणू शिरतो. हा नायट्रोजन प्रकाशातला निळा भाग शोषतो आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. नायट्रोजन जितका जास्त आणि ज्या रीतीने बसलेला, तितकी छटा. नायट्रोजनऐवजी बोरॉन शिरला तर हिरा निळा होतो, होप हिरा तसाच. म्हणजे पिवळटपणा हा काही डाग किंवा भेसळ नाही. खाणीतून निघणाऱ्या हिऱ्यांत थोडी पिवळी किंवा तपकिरी झाक असणारे जास्त, पाण्यासारखे स्वच्छ कमी. कमी मिळतात म्हणून ते महाग.

ही झाक मोजायला अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५० च्या दशकात एक शिडी ठरवली. ती ‘डी’ अक्षरापासून ‘झेड’पर्यंत जाते. ‘ए’पासून सुरू न करण्याचं कारण, त्याआधी व्यापारी आपापल्या मनाने ए, बी, डबल ए अशी नावं लावायचे, त्या गोंधळापासून नवी शिडी वेगळी ठेवायची होती. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. के, एल, एम म्हणजे हलकी झाक, आणि त्यापुढे झाक वाढत जाते. झेडच्याही पुढे गेलं की खेळ उलटतो. तिथे पिवळा हा दोष राहत नाही, त्याला फॅन्सी रंग म्हणतात आणि रंग जितका गडद, तितका भाव चढतो. म्हणजे किमतीची वाट आधी उतरत जाते आणि पलीकडे पुन्हा चढते. मधल्या खोलगट भागातला हिरा असेल तर दुकानदार ‘किंमत नाही’ म्हणतो. त्याने म्हणायला हवं होतं ‘कमी आहे’.

पण तुमचा हिरा या शिडीवर नेमका कुठे बसतो, हे अंगठीत असताना कोणीही अचूक सांगू शकत नाही. मीही नाही. रंग बघायचा तर खडा मोकळा करून, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून, बाजूने बघायचा, शेजारी ठरलेल्या रंगाचे नमुन्याचे खडे ठेवून. समोरून बघितला तर पैलूंची चकाकी रंग लपवते. पिवळ्या सोन्यात बसवलेला हिरा सोन्याचा रंग उचलतो. १९६४ ची अंगठी पिवळ्या सोन्याचीच असणार, म्हणजे दिसणाऱ्या पिवळेपणात सोन्याचा वाटा किती हे आधी वजा करायला हवं. दुकानातल्या वॉर्म लाइटखाली तर सगळंच पिवळं दिसतं. मी माझ्या दुकानात रंग बघायला उत्तरेकडच्या खिडकीशी जातो, तेही सकाळी, ऊन थेट येत नसताना.

आणखी एक गोष्ट. साधारण पाव ते एक तृतीयांश हिरे अतिनील प्रकाशात चमकतात, बहुतेक निळे. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरलं तर कळतं. पिवळसर हिऱ्यात ही निळी चमक असेल तर उघड्यावर, दिवसाच्या उजेडात तो जास्त पांढरा दिसतो आणि घरात दिव्याखाली पुन्हा पिवळसर. तुमची अंगठी अंगणात आणि देवघरात वेगवेगळी दिसत असेल तर हे कारण असू शकतं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी कोणी सांगत नाही: आधी अंगठी धुवा. हिऱ्याला तेल-तुपाची ओढ असते, त्याचा पातळ थर लगेच चिकटतो. साठ वर्षांची हळद, तेल, साबणाचं मळकट किटण खड्याच्या पाठीमागे बसलेलं असतं आणि त्याने खडा हमखास पिवळट, मंद दिसतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवरूप साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, आणि पाठीमागून हलक्या हाताने. पण त्याआधी अंगठी उलटी करून बघा. खड्यामागे जागा मोकळी असेल तरच पाण्यात घाला. मागून सोन्याने बंद केलेलं कोंदण असेल तर पाणी अजिबात लावू नका. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चकाकीसाठी चांदीचा पातळ वर्ख ठेवलेला असायचा. पाणी आत गेलं की तो काळा पडतो आणि चांगला खडाही मेल्यासारखा दिसतो. तसं असेल तर जाणत्या कारागिराकडेच द्या.

किमतीत रंग हा एक भाग झाला. वजन, स्वच्छता म्हणजे आतले डाग, आणि पैलू हे बाकीचे. यांत मी स्वतः पैलूंना सगळ्यात जास्त मानतो, कारण हिरा जिवंत दिसतो तो पैलूंमुळे. चांगल्या पैलूंचा के रंगाचा हिरा वाईट कापलेल्या एफपेक्षा हातावर कितीतरी देखणा दिसतो. वजन कॅरटमध्ये, एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि कॅरटचे शंभर सेंट. हिऱ्यात दुप्पट वजन म्हणजे दुप्पट किंमत असं नसतं. मोठा दगड दुर्मिळ, म्हणून त्याचा दर कॅरटलाच जास्त. पाव कॅरटचे चार खडे मिळून एक कॅरट होतो, पण त्यांची किंमत एका कॅरटच्या एका खड्याच्या जवळपासही जात नाही. घरी अंदाज घ्यायचा तर पट्टीने खड्याची रुंदी मोजा. गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर असेल तर एक कॅरटच्या आसपास, ५.२ असेल तर अर्धा, ४.१ असेल तर पाव. जुने कट जास्त खोल असतात, त्यामुळे वजन याहून थोडं जास्तही निघू शकतं.

अंगठीवर हॉलमार्क करून घेतला तर तो फक्त सोन्याचा कस सांगतो, खड्याबद्दल एक अक्षरही नाही. मोडताना एक हिशोब स्वतः करा. समजा अंगठी ४.२०० ग्रॅम आणि हिरा ४० सेंट. हिऱ्याचं वजन झालं ०.०८० ग्रॅम, सोनं उरलं ४.१२० ग्रॅम. दुकानदाराने खड्याचं वजन म्हणून अर्धा ग्रॅम वजा केला, तर तो अडीच कॅरट झाला! एवढा मोठा हिरा असेल तर ‘किंमत नाही’ कसं? हे शांतपणे विचारा. आणि सोन्याचे पैसे देऊन खडा तसाच ठेवून घेणारा कोणी असेल, तर खडा आपल्यासमोर काढून आपल्या हातात मागा.

मग किती येतील? खरं सांगायचं तर तुम्हाला त्यातून समाधान होईल इतके येणार नाहीत. हिरा विकताना दुकानाचा नफा, कर, घडणावळ यातलं काही परत मिळत नाही, आणि व्यापारी त्याला घाऊक बाजारात मिळेल त्याहून कमीच देणार. लॅब हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले, त्याचा दाब लहान नैसर्गिक हिऱ्यांवरही आला आहे. खडा ३० सेंटच्या आत असेल तर प्रयोगशाळेच्या कागदावर खर्च करू नका. अर्ध्या कॅरटच्या पुढे असेल आणि भिंगाखाली स्वच्छ दिसला, तर करा. जीआयए हिऱ्याची प्रत फक्त मोकळा खडा बघूनच ठरवते, आयजीआयसारख्या प्रयोगशाळा दागिन्यात बसवलेलाही तपासतात, पण बसवलेल्या खड्याचा रंग अंदाजे, दोन-तीन अक्षरांच्या पट्ट्यातच मिळतो. खडा काढायचा की नाही हे कोंदण किती मजबूत आहे त्यावर ठरेल, आणि ते हातात घेतल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

पैशाची नड असेल तर विकण्यात काही वावगं नाही. तशी नड नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: मोडू नका. तेवढ्या पैशांत आजच्या बाजारात तसा जुना हाताने कापलेला नैसर्गिक हिरा तुम्हाला परत मिळणार नाही. पिवळ्या सोन्यातच राहू द्या, त्यात ती झाक शोभते. पांढऱ्या सोन्यात बसवलात तर तीच झाक उठून दिसेल.

बोटाला सैल होत असेल आणि लहान करून घ्यायची असेल, तर एवढं सांभाळा. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात काम करताना मी एका अंगठीला खड्यासकट झाळ दिली होती, म्हणजे तापवून जोड सांधला होता. हवेत सात-आठशे अंशांपुढे तापला की हिऱ्याचा पृष्ठभाग जळायला लागतो, आणि तो खडा दुधासारखा धुरकट झाला. सुरतेला पाठवून पुन्हा पैलू घासावे लागले, वजन घटलं, आणि त्या बाईंसमोर उभं राहायला मला लाज वाटली. म्हणून कारागिराला विचारा, झाळताना खड्याला बोरिक अ‍ॅसिडचा लेप लावणार का, आणि तापलेली अंगठी लगेच पाण्यात तर टाकणार नाही ना. त्याआधी खडा पकडणारे सोन्याचे काटे भिंगाखाली बघायला सांगा. साठ वर्षांत ते झिजलेले असतात, आणि हिरे हरवतात ते बहुतेक त्यामुळेच.